ओढायचं, फुंकायचं नाही

माउथ ऑर्गन म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर दोन-तीन चित्रं ठरलेली. ‘शोले’तला जय संध्याकाळी एकटाच बसून वाजवतोय आणि समोरच्या वाड्यात राधा एकेक दिवा मालवतेय. ‘दोस्ती’तला रस्त्यावर वाजवणारा लंगडा मुलगा. आणि ‘सोलवा साल’मध्ये रेल्वेच्या डब्यात गाणारा देव आनंद. ‘शोले’तली (१९७५) ती धून भानू गुप्ता यांनी वाजवलेली आहे, ‘सोलवा साल’ (१९५८) आणि ‘दोस्ती’ (१९६४) या दोन्हींत माउथ ऑर्गन वाजवणारे हात राहुलदेव बर्मन यांचे. इतकी मोठी माणसं मागे असूनही आपल्याकडे या वाद्याला कुणी फारसं मनावर घेत नाही. सहलीला न्यायचं, शेकोटीभोवती दोन गाणी वाजवायची आणि मग कपाटात टाकून द्यायचं, एवढाच त्याचा संसार.

मंडळी, या महिन्यात मी तुम्हाला त्याच वाद्याची दुसरी बाजू सांगणार आहे. गेलं दीड वर्ष मी, वय वर्षं एकसष्ट, राहणार कमरीपेठ, हुबळी, ब्लूज पद्धतीचा माउथ ऑर्गन शिकते आहे.

ही हौस म्हणून सुरू झालेली गोष्ट नाही. दोन वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला. बरी झाले, पण श्वास तोकडा पडू लागला. जिना चढताना धाप लागणं वगैरे सगळं ठीक, वयाच्या नावावर खपून जातं. मला खरा फटका बसला तो भजनात. आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे, दर एकादशीला बसतं. बेळगावच्या माहेरी पेटी शिकले होते, गळाही बरा होता, त्यामुळे लग्न होऊन इथे आल्यापासून अभंग सांगण्याचं काम माझ्याकडे. आजारानंतर पहिल्यांदा बसले तर ओळ अर्ध्यावर तुटायची. तान सोडाच, साधा लांब सूर धरला की खोकला. दोन एकादशा तशाच रेटल्या, मग नुसती टाळ धरून बसू लागले. इतकी वर्षं गाणाऱ्या बाईला सगळ्यांच्या मधोमध गप्प बसणं किती जड जातं, ते गाणाऱ्यांना सांगायला नको.

डॉक्टरांनी तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर उचलून धरायचे. पुष्कळांना वाटतं की त्यात फुंकायचं असतं. तसं नाही, ओढायचं असतं. मी रोज इमानेइतबारे करत होते, पण चेंडूंना सूर नसतो. पंधरा दिवसांत कंटाळा आला. बंगळुरूहून मुलगा आला होता, तो म्हणाला, “आई, ओढायचंच आहे तर ब्लूज वाजव ना. त्यात निम्म्याहून जास्त सूर ओढूनच निघतात.” त्यानं कॉलेजातला आपला माउथ ऑर्गन ड्रॉवरमधून शोधून काढला. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ताप-खोकला पूर्ण गेलाय, चक्कर येईल इतकं ताणू नका, आणि चेंडू सोडू नका. अमेरिकेत फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या लोकांसाठी ‘हार्मोनिकाज फॉर हेल्थ’ नावाचा उपक्रमच चालतो, हे मला नंतर कळलं. तरी एक सांगून ठेवते: हे औषध नव्हे. औषधाच्या जोडीला केलेला रियाज म्हणा.

आता वाद्याकडे येऊ, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. आपल्या घराघरात जो लांब, दोन रांगांचा, चोवीस घरांचा माउथ ऑर्गन असतो, त्याला ट्रेमोलो म्हणतात. त्यात एकाच सुरासाठी दोन रीड किंचित फरकानं लावलेल्या असतात, म्हणून तो थरथरता, गोड आवाज येतो. सिनेमाची गाणी त्यावर छान वाजतात, पण ब्लूजसाठी तो चालत नाही. ब्लूजसाठी लागतो तो तळहातात मावणारा, दहा छिद्रांचा, वीस रीडचा छोटा. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर या घड्याळजीनं १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली; त्याच्या कंपनीचं ‘मरीन बँड’ हे मॉडेल १८९६ मध्ये आलं आणि पुढे ब्लूजवाल्यांनी तेच डोक्यावर घेतलं. मुलाच्या ड्रॉवरमध्ये नशिबानं दहा छिद्रांचाच होता, आणि पट्टी होती पांढरी एक.

या छोट्या वाद्याची रचना पेटीवाल्यांनी जरूर समजून घ्यावी. प्रत्येक छिद्रामागे एक खण असतो आणि त्या एकाच खणात दोन रीड राहतात. एक फुंकल्यावर बोलते, दुसरी ओढल्यावर. पांढरी एकच्या वाद्यात पहिल्या तीन छिद्रांत फुंकून सा, ग, प मिळतात. ओढून रे, प, नि. आता मोजा. खालच्या सप्तकात मध्यम कुठे आहे? धैवत कुठे आहे? नाहीतच. कारखान्यानं ते दिलेलेच नाहीत. तिकडच्या लोकगीतांना साथ करताना खाली भरघोस स्वरसमूह वाजावेत म्हणून बनवणाऱ्यांनी हे दोन सूर सोडून दिले. मधलं सप्तक पूर्ण आहे. वरच्या सप्तकात पुन्हा एक सूर, निषाद, गाळलेला.

म्हणजे हे अपुरं वाद्य. विकताना ते स्वस्तातलं खेळणं म्हणूनच विकलं जाई. आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या मजुरांनी, ज्यांच्या आज्या-पणज्या गुलामीत राबल्या होत्या, या खेळण्यातून असे सूर काढले की कारखानदारांनीही कधी कल्पना केली नसेल.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी. वाद्य पांढरी एकचं, पण षड्ज मानला पांढरी पाचचा. म्हणजे वाद्याच्या पंचमाला सा करायचं. आपल्याला यात नवल वाटायला नको. ठुमरी गाणारे मध्यमाला षड्ज करून गातात ते आपण ऐकलेलं आहे. असं केल्याबरोबर दोन गोष्टी घडतात. एक, महत्त्वाचे सूर ओढण्याच्या बाजूला येतात: दुसरं छिद्र ओढा, सा. तिसरं ओढा, शुद्ध गंधार. चौथं ओढा, पंचम. पाचवं ओढा, कोमल निषाद. दुसरी गोष्ट म्हणजे मिळणारं सप्तक. सगळे सूर शुद्ध, फक्त निषाद कोमल. खमाज थाट! मी पहिल्यांदा हे जुळवून पाहिलं तेव्हा दारात उभ्या असलेल्या दूधवाल्याला थांबवून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि अर्धा लिटर ओतून तो पुढे गेला.

दुसरी गोष्ट खरी करामतीची: मींड. इंग्रजीत तिला बेंडिंग म्हणतात, म्हणजे सूर वाकवणं. चौथं छिद्र ओढता ओढता जीभ जराशी मागे घ्यायची, तोंडातली पोकळी बदलायची, जणू ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’कडे चाललोय. पंचम घसरतो आणि तीव्र मध्यमावर येतो. तिसऱ्या छिद्रात तर खजिनाच आहे: शुद्ध गंधारापासून कोमल गंधार, तिथून रिषभ, तिथून कोमल रिषभ. दुसऱ्या छिद्रात षड्जावरून खाली शुद्ध निषाद आणि मग कोमल निषाद. कारखान्यानं गाळलेले खालचे दोन्ही सूर अशा रीतीनं सापडतात. एक तिसऱ्या छिद्रात दडलेला, दुसरा दुसऱ्यात.

हे कसं घडतं? खणात दोन रीड आहेत ना, म्हणून. ओढून वाजणारी रीड उंच सुराची, तिच्या शेजारची फुंकून वाजणारी खालच्या सुराची. तोंडाचा आकार बदलला की उंच रीड हळूहळू गप्प होते आणि शेजारची बोलू लागते. सूर त्या दोघींच्या मधल्या वाटेनं खाली उतरतो. दोघींमध्ये अंतर जितकं जास्त, तितके मधले सूर जास्त. तिसऱ्या छिद्रात अंतर मोठं, म्हणून तिथे तीन सूर दडलेले. पाचव्यात दोघी अगदी लगत, म्हणून तिथे वाकवायला जागाच नाही. ट्रेमोलोत प्रत्येक रीडला वेगळा खण असतो, शेजार नसतो, म्हणून तिथे हे जमत नाही. आमच्या कमरीपेठेत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. एका घरात मराठी, दुसऱ्यात कानडी, तिसऱ्यात एसएसके समाजाची स्वतःची बोली, चौथ्यात उर्दू. माझ्या सुनेचं कानडी आणि माझं मराठी एका स्वयंपाकघरात नांदतं आणि मधल्या वाटेनं नातवाची एक तिसरीच भाषा तयार होते. तेव्हा दोन रीडच्या एका खणाचं गणित मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही.

पेटीवर मात्र मींड निघत नाही, आणि या एका गोष्टीवरून आपल्याकडे केवढं रामायण झालं! पेटीही याच कुळातली, हवेनं थरथरणाऱ्या पितळी रीडची. युरोपातून आली, कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी ती जमिनीवर बसून हातानं भाता मारता येईल अशी केली, आणि घरोघरी पोचली. पण तिचे सूर ठरलेले, दोन सुरांच्या मधली वाट तिच्यात नाही, म्हणून ती आपल्या संगीताला अपायकारक असं म्हणत ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. १९७१ मध्ये ती सैल झाली. तीस वर्षं! त्याच काळात आमच्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) पेटीवर असं गात होते की सूर तुटक आहेत हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नये. बोटांची सफाई, भात्यावरचा ताबा आणि पुढचा सूर नेमक्या क्षणी हळूच लावण्याची समज, यातून ते मींडेचा भास उभा करत. रामभाऊंनी बोटांनी आणि भात्यानं जे साधलं, ते मिसिसिपीतल्या मजुरांनी जिभेनं आणि श्वासानं साधलं. वाद्यात काय नाही याची यादी करणारे वेगळे आणि त्यातून गाणं काढणारे वेगळे.

शिकताना सगळ्यात अवघड काय गेलं? पहिलं म्हणजे एकच छिद्र वाजवणं. ओठांचा चंबू करून किंवा जिभेनं शेजारची छिद्रं झाकून एकच सूर काढायचा. शिकागोचा लिटल वॉल्टर, ज्याचा ‘जूक’ १९५२ मध्ये तिकडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता, तो जिभेचीच पद्धत वापरायचा. मला चंबू जमला. महिना गेला. मग बेंडिंग. चौथं छिद्र वाकायला मला अडीच महिने लागले. जोर लावून ते होत नाही. जोरानं ओढलं तर रीड खराब होते आणि सूर मात्र जागचा हलत नाही. घसा सैल सोडायचा, श्वास पोटातून घ्यायचा आणि जिभेला बाकीचं करू द्यायचं. एके दिवशी दुपारी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, पंचम हळूच खाली उतरला. पुन्हा केलं, पुन्हा उतरला. गळ्यानं घेता येत नव्हती ती मींड माझ्या तोंडून निघाली होती. मी गॅस बंद करून तिथेच स्टुलावर बसले.

वाकवणं एक, आणि नेमक्या जागी थांबवणं दुसरं. ब्लूजमधला गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही; दोन्हींच्या मध्ये कुठेतरी डोलतो. तिकडे शिकणाऱ्यांना म्हणे ही जागा कानात बसवायला वेळ लागतो. आपल्याला लागू नये. दरबारीचा गंधार आंदोलित कसा असतो हे ऐकून मोठे झालेले कान आपले. दोन्हींचं घर वेगळं, भाव वेगळा, हे खरं. पण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत एक सूर राहतो आणि तो खरा असतो, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

तिसरी अडचण श्वासाची, आणि माझ्यासाठी तीच महत्त्वाची. सतत ओढत राहिलं की फुप्फुसं भरून जातात, मग पुढचा सूर ओढायला जागा उरत नाही. त्यामुळे फुंकून वाजणारे सूर आले की तिथे श्वास सोडून घ्यायचा, नाहीतर सुरांच्या मध्ये नाकानं हळूच. कुठे भरायचं आणि कुठे रिकामं व्हायचं हे आधी ठरवावं लागतं. गाताना मी कधी इतका विचार केला नव्हता. सुरुवातीला चौथं छिद्र मी पाच मोजेपर्यंत धरू शकत होते. आता चौदा होतात. चेंडूंच्या यंत्रात तिसरा चेंडूही अधूनमधून वर येतो.

यासाठी एक जुना धडा आहे, आणि तो आम्हा हुबळीकरांना खास जवळचा: आगगाडी. पहिली तीन छिद्रं एकदम दोनदा ओढायची, दोनदा फुंकायची. हळू सुरू करायचं आणि वेग वाढवत न्यायचा. गाडी स्टेशनातून सुटते! मध्येच चौथं-पाचवं छिद्र एकदम ओढून तळहात उघडला-मिटला की शिट्टी. श्वास आत-बाहेर इतका सारखा होतो की व्यायाम वेगळा करायला नको. अमेरिकेत हा प्रकार अजरामर केला डीफर्ड बेली यानं. लहानपणी पोलिओ होऊन हा मुलगा वर्षभर अंथरुणाला खिळला होता. तेव्हा हाती दिलेल्या माउथ ऑर्गनवर तो ऐकू येईल त्याची नक्कल करू लागला: कोंबड्या, शिकारी कुत्रे, आणि घराजवळून जाणारी गाडी. पुढे नॅशव्हिलच्या रेडिओवर १९२७ मध्ये त्यानं ‘पॅन अमेरिकन’ या एक्स्प्रेसचं गाणं वाजवलं आणि तो घराघरात माहीत झाला. १९४१ मध्ये त्याच रेडिओनं त्याला काढून टाकलं. मग त्यानं बूट पॉलिशचं दुकान चालवून पोट भरलं. मानसन्मान मिळाला तो २००५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

ब्लूजची गोष्टच मुळी फलाटावर सुरू होते असं म्हणायला हरकत नाही. १९०३च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हे बँडमास्तर मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर रात्री उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत पेंगत होते. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवू लागला. सुरीनं घसरत जाणारे ते सूर हँडींनी पूर्वी कधी ऐकले नव्हते. पुढे त्यांनीच ही गाणी कागदावर उतरवून जगापुढे आणली. आमच्या हुबळीच्या सिद्धारूढ स्वामीजी स्टेशनचा फलाट १५०७ मीटरचा, जगातला सगळ्यात लांब. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून इथे रेल्वेचा कारखाना आहे. गल्लीतल्या किती घरांची चूल त्यावर पेटली. तेव्हा मी गच्चीवर आगगाडीचा धडा सुरू केला की समोरच्या गच्चीवरून शांडगे वाळत घालणारी शेजारीण हमखास ओरडते, “एन्री वैनी, रेल बंतेन?” म्हणजे, काय हो वहिनी, गाडी आली का? मी म्हणते, आली, पण लेट आहे.

ब्लूजचा साचा अगदी सोपा आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. बारा मात्रांच्या एकतालाशी याची गल्लत करू नका. पहिले चार खंड षड्जाच्या घरात, दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या. मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटी दोन षड्जाकडे परत. गाणाऱ्याची एक ओळ, तीच पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत त्याचं उत्तर. आणि सांगतो काय तो? घरधनी रागावला, पाऊस सगळं घेऊन गेला, सोबतीचं माणूस सोडून गेलं. आपल्या आज्या पहाटे जात्यावर हेच तर सांगायच्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. दुःख सांगायचं, पण लयीत सांगायचं. हात कामात असताना सांगायचं. आणि सांगून झाल्यावर दळण पुरं झालेलं असायचं. मला ब्लूज परका वाटला नाही तो यामुळे.

आता एका बाईंबद्दल सांगितल्याशिवाय हुबळीतून गाण्यावरचा लेख पुरा होत नाही. गंगूबाई हनगल. सुरुवातीच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी’ या नावानं निघाल्या. त्यांतला आवाज बारीक, उंच, बायकी. मग घशाच्या दुखण्यावर इलाज झाला आणि आवाज बदलला. जाड, रुंद, खालचा झाला. रेडिओवर ऐकणाऱ्याला बाई गातेय की बुवा, असा प्रश्न पडावा इतका. दुसरी कुणी असती तर तंबोरा गवसणीत घालून ठेवला असता. त्या मात्र सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून गाडीनं वीसेक किलोमीटरवरच्या कुंदगोळला जात आणि रात्रीच्या गाडीनं परत येत. सवाई गंधर्वांचा स्वतःचा गळाही जन्मतः मऊ नव्हता, रियाजानं वळवलेला होता. अशा गुरूकडे गंगूबाईंनी उरलेल्या आवाजात गाणं उभं केलं, आणि तो ‘उरलेला’ आवाज देशानं किराणा घराण्याचा एक थोर आवाज म्हणून ऐकला. देशपांडेनगरातल्या त्यांच्या घरावरून मी शंभरदा गेले असेन. आजारपणानंतर पुन्हा गेले तेव्हा मात्र रस्ता ओलांडून मुद्दाम समोर थांबले. माझी त्यांच्याशी तुलना नाही, ते धाडसच होईल. पण आवाज गेला म्हणजे गाणं गेलं असं नाही, हे सांगणारं घर आपल्याच गावात आहे, हे बरं वाटलं.

यंदाच्या आषाढीला मी वाद्य पिशवीत घालून मंडळात गेले. मंडळ गातं काळी चारमध्ये, त्यामुळे पंचमाला सा करायच्या हिशोबानं काळी एकचं दुसरं वाद्य मुलाकडून मागवून घेतलं होतं. बाहेर काढल्याबरोबर आमच्या ज्येष्ठ काकूंच्या कपाळाला आठी. “अगं, तोंडात घालून वाजवायचं. उष्टं. देवापुढे कसं चालेल?” प्रश्न गंभीर होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नसतं, कारण काकूंचा मी फार आदर करते. उत्तर दिलं पेटी वाजवणाऱ्या मुलीनं: “काकू, बासरी काय कृष्ण नाकानं वाजवायचा?” बायका हसल्या. काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “शंख तरी आपण तोंडानंच फुंकतो म्हणा.” आणि टाळ उचलली.

मी अभंग वाजवला नाही. ब्लूजमध्ये गायकाच्या ओळीनंतर माउथ ऑर्गन छोटंसं उत्तर देतो, मग गायक पुढची ओळ घेतो. मी तेवढंच केलं. दुसऱ्या एकीनं अभंग सांगितला, बायकांनी झेलला. ओळ संपली की सगळ्या श्वास घेतात, तेवढ्या चार मात्रा माझ्या. पंचमावरून एक घसरण, कोमल निषादाला स्पर्श, षड्ज. त्या श्वास घेत असतात तेव्हा मीसुद्धा श्वासच घेत असते. माझा तेवढा ऐकू येतो. तिसऱ्या अभंगाला काकूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ‘हं, घे’ अशी. गळा अजून आलेला नाही, कदाचित येणारही नाही. पण आता मी मंडळात गप्प बसत नाही.

कुणाला शिकावंसं वाटलं तर चार गोष्टी सांगते. दहा छिद्रांचाच घ्या, पट्टी पांढरी एक. सगळे धडे याच पट्टीत सापडतात. वाजवण्याआधी चूळ भरा. गिरमिट किंवा मिरचीभजी खाऊन तर मुळीच वाजवू नका, शेवेचा एक कण रीडमध्ये अडकला की सूर मुका होतो. वाजवून झाल्यावर छिद्रं खाली करून तळहातावर हलकेच आपटा, ओल निघून जाते. आणि आपलं वाद्य दुसऱ्याला देऊ नका, नातवालाही नाही. त्याला त्याचं वेगळं घेऊन द्या. छातीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. गरगरलं की लगेच थांबा.

पहिल्या आठवड्यात गाणं वाजवायला जाऊ नका. चौथं छिद्र, श्वास आत, हळू, मनात आकडे मोजत. रोज दहा मिनिटं पुरेत. शेजाऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवा.